रमाईचा त्याग सांगताना तिची चिंताही सांगा

२७ मे आला की पिंपरीपासून चाकणपर्यंत विहाराविहारांतून माता रमाईच्या प्रतिमेला हार पडतो. भाषणे होतात, रमाईच्या त्यागाचे गोडवे गायले जातात. पण बंधू-भगिनींनो, त्या त्यागाच्या पोटात काय होते, याचा विचार आपण किती करतो? त्या पोटात पैशाची चिंता होती. ती एका आईला वर्षानुवर्षे आतून पोखरत होती.

रमाईचा जन्म १८९८ सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. आई-वडील लहानपणीच गेले आणि नातेवाइकांनी भावंडांना मुंबईला आणले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यानंतर, भीमरावांशी लग्न लागले. रमाई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती.

डिसेंबर १९१२ मध्ये यशवंत जन्मला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सासरे रामजी सुभेदार वारले आणि त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला निघाले. कर्ता माणूस गेलेला, नवरा सातासमुद्रापार आणि मांडीवर तान्हे मूल. १९१७ ला बाबासाहेब परतले, १९२० ला पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ लाच आले. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पण त्या पगारातूनही लंडनच्या शिक्षणासाठी पैसा बाजूला पडत होता. घरखर्चाला ठरावीक रक्कम यायची आणि तेवढ्यात रमाईने भागवायचे. परळच्या चाळीतल्या दोन खोल्या, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि मुले. ती शेण गोळा करी, गोवऱ्या थापी. ही नुसती दंतकथा नाही. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी स्वतः तिच्या या कष्टांची जाहीर नोंद केली आहे.

या संसारात पाच मुले जन्मली. गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू गेली. जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. उरला एकटा यशवंत. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात हे दुःख ओसंडले आहे. बाबासाहेबांकडे निदान लेखणी होती, मित्र होते, चळवळ होती. रमाईकडे काय होते? व्रते होती, उपास होते. तिच्या मनात पंढरपूरला जाण्याची ओढ होती, पण अस्पृश्याला तिथे देवाचे दर्शन नव्हते. तिची प्रकृती खंगत गेली. राजगृह उभे राहिले, पण त्या घराचे सुख तिला फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ती गेली. १९४० च्या अखेरीस निघालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी तिला अर्पण केला. बरोबरीने सोसलेल्या हलाखीची ती कबुली होती.

मी डॉक्टर नाही, वकील आहे. रमाईच्या आजाराला कोणते नाव द्यावे, हे मी सांगणार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या चाकण, भोसरीच्या भगिनी ऐकल्या की परळची ती खोली आठवते. नवरा ठेक्यावर, पाळी बदलती, खोलीचे भाडे थकलेले, गटाच्या कर्जाचा हप्ता उद्यावर. बाई म्हणते झोप लागत नाही, लेकराला विनाकारण मारते आणि मग रडत बसते. घरचे म्हणतात नाटके करते, नाही तर बाहेरचे काही आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या ३८ अभ्यासांचा आढावा आला. बाळंतपणानंतर सुमारे २२ टक्के मातांना नैराश्य येते, असे त्यात दिसले. कारणांत पैशाची ओढाताण होती, नवऱ्याचा आधार नसणे होते.

बाबासाहेबांनी हे घरात पाहिले होते आणि ते नशिबावर सोडले नाही. राजरत्न गेल्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, ते मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या बाजूने उभे राहिले. १९२९ ला कायदा झाला. आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण त्यासाठी आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेले दाखवावे लागते. ठेकेदार बदलला, हजेरीचा कागद हाती नसला, की तोच हक्क निसटतो. म्हणून भगिनींनो, पगाराची पावती आणि हजेरीचा पुरावा जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म कर्जाचे नियम घातले आहेत. घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त हप्ते नकोत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन नको. धमकी तर नकोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चातून चालणाऱ्या सेवेत उपचार मिळणे हा हक्क झाला आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून फुकट बोलता येते.

देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हीच त्या बुद्धाची शिकवण. रमाईचे नाव घेऊन आपल्या बायकांना मुकाट सोसायला सांगू नका. तिने सोसले, कारण तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग आहे. पुढच्या २७ मेला विहारात हार घालून झाला की एक सतरंजी वेगळी अंथरा. तिथे माताभगिनींना बोलू द्या, आणि पुरुषांनी ऐकावे.

जयभीम!