सोडा विकून उभं केलं डेंटल कॉलेज!

डेंटिस्ट व्हायचंय असं तुम्ही आज घरी सांगितलं, तर आई-बाबा खूश होतील. पण १९१९ मध्ये? तेव्हा हे शिकवणारं कॉलेजच देशात नव्हतं. दात दुखला की उपटायचा, एवढाच इलाज बहुतेकांना माहीत होता.

त्याच वर्षी डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतून परत आले. १८९० मध्ये पूर्व बंगालमध्ये जन्मलेल्या या तरुणाने १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली होती. पुढे बोस्टनच्या फोर्साइथ इन्फर्मरीत त्यांनी काम केलं. हा दवाखाना खास लहान मुलांच्या दातांसाठी होता. दुधाचे दात पडणारच, मग त्यांची काळजी कशाला, असं तिथे कुणी म्हणत नव्हतं.

१९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसा कुठून आणला? त्यांच्याच ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या दुकानातून! गंमत बघा, गोड सोड्याच्या कमाईवर दातांचे डॉक्टर घडत होते. फातिमा जिना इथेच शिकल्या आणि नंतर त्यांनी मुंबईत दवाखाना थाटला. अहमद यांनी १९२५ मध्ये दंतवैद्यकाचं नियतकालिक सुरू केलं. १९४९ मध्ये तर हे कॉलेज त्यांनी सरकारला देऊन टाकलं. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं. कॉलेज आजही त्यांच्याच नावाने चालतं.

आता तुमचं काम. घरात भाचा-पुतणी असेल तर एवढं लक्षात ठेवा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांत वीस होतात. लाळ गळते, बाळ किरकिर करतं. स्वच्छ, गार केलेलं टीदर चघळायला द्या. पण जोराचा ताप किंवा जुलाब ‘दात येताहेत’ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टर गाठा. हिरड्यांना बधिर करणारं जेल मनाने लावू नका. दात दिसला की मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत डेंटिस्टची एक भेट.

दुधाचे दात पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. ते लवकर किडून गेले, तर पुढचे वाकडे येऊ शकतात.