दोन वर्षं एकही नांगर खपला नाही!

मेढ्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आजोबांच्या वयाच्या माणसांना विचारा, गावात लोहाराची शाळा कुठे होती म्हणून. बोट दाखवून जागा सांगतील. भाता, ऐरण, घण आणि सांडशी, एवढंच भांडवल. मृगाच्या आधी तिथे फाळ ठोकून घ्यायला रांग लागायची. बैलाच्या खुराला पत्री मारणारा नालबंद बाजाराच्या दिवशी यायचा. बैल दोरानं आडवा पाडायचा, खूर तासायचा आणि मोजून खिळे मारायचे. एक खिळा तिरका गेला की बैल लंगडा आणि शेतकऱ्याचा हंगाम गेला. ही विद्या कुणी वहीत लिहून घेतली नाही. पोरगं भात्यावर बसायचं आणि चुका करत शिकायचं.

आज आपल्यातले किती तरी जण आयटीआयला फिटर, वेल्डर, टर्नरचा कोर्स करतायत. पहिला जॉब बिघडला, वेल्डिंगला तडा गेला, सर सगळ्यांसमोर ओरडले की वाटतं, जाऊ दे, आपल्याला नाही जमणार. अशा वेळी आपल्याच भागात लोखंडाशी झुंजलेल्या एका माणसाची गोष्ट माहीत असलेली बरी. लक्ष्मणराव किर्लोस्कर. नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पंपावर वाचलेलं असतं. पण हा माणूस किती वेळा तोंडावर आपटला, ते फारसं ठाऊक नसतं.

रंग दिसेनात

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यापुराणांचं वातावरण, पण लक्ष्मणचं शाळेत मन रमायचं नाही. त्याला दोनच नाद, चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची. वडिलांना काळजी वाटली असेल तर नवल नाही. थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे पहिला फटका बसला. काही रंग त्याला नीट ओळखताच येत नव्हते. डोळ्यातच दोष होता. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंग दिसू नयेत, यापेक्षा वाईट काय? रंगकाम सोडावं लागलं. पण काळ्या रेघेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटनं धरली, त्यात हात बसवला आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळवली. शिकवणं संपलं की ते वर्कशॉपमध्ये घुसायचे. यंत्रं चालवायची, बिघडली की खोलायची, पुन्हा जोडायची. कागदावर काढलेली रेघ लोखंडात कशी उतरते, हे त्यांना तिथे कळलं.

त्याच काळात, 1888 मध्ये, भावाभावांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली धाडायचे, रामूअण्णा तिकडे विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. पुढे एवढ्या मोठ्या झालेल्या उद्योगाची सुरुवात अशी दोन चाकांवर झाली.

बढती हुकली, गाव गाठलं

दुसरा फटका नोकरीत बसला. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत होतं, पण कातडीचा रंग आडवा आला. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

सायकली विकून पोट भरत होतं. पण दुसऱ्यानं बनवलेला माल विकत बसायचं हे त्यांच्या मनाला पटेना. आजूबाजूला सगळी शेती. मग शेतीला लागणारं यंत्रच का बनवू नये? आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. त्यानंतर हात घातला लोखंडी नांगराला.

आता इथे थोडं तंत्र समजून घेऊ. गावचा लोहार लोखंड तापवून ठोकतो. कारखान्यात नांगराचे भाग ओतायचे असतात. बीड वितळवायचं आणि त्याचा रस वाळूच्या साच्यात सोडायचा. साच्यात ओल राहिली की आत फुगे धरतात. रस थंड पडला की साचा अर्धवट भरतो. बरं, बीड असतं ठिसूळ, घणाचा एक घाव बसला तर तुकडा पडतो. फाळ मऊ झाला तर मातीत घासून चार दिवसांत बोथट आणि सगळाच कडक केला तर दगडाला लागून मोडणार. वरून कडक आणि आतून चिवट, असा तो जमावा लागतो. त्यासाठी साच्यात धारेच्या बाजूला लोखंडाचा तुकडा बसवतात. तिथे रस झटकन थंड होतो आणि तेवढाच भाग कडक बनतो. कोल्हापूर-सांगलीच्या फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे आज पाठ असतं. तेव्हा बेळगावात शिकवायला कुणी नव्हतं. परदेशी पुस्तकं वाचायची, करून बघायचं, बिघडलं की पुन्हा करायचं.

जमिनीला विष चढेल!

नांगर तयार झाला आणि गिऱ्हाईकच येईना. शेतकऱ्यांत एक समजूत पक्की होती, की लोखंडानं जमिनीला विष चढतं, ती पिकायची बंद होते. आज आपण हसू. पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर मोडला तर सुतार गावातच, फाळ बोथटला तर लोहार शेजारी. दोघंही बलुत्यावर काम करणारे. हा ओतीव नांगर ऐन पेरणीत मोडला तर घेऊन जायचं कुणाकडे? विषाच्या भीतीमागे ही भीतीही असणारच.

पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! माल पडून, पैसा अडकलेला, वर लोकांच्या नजरा. लक्ष्मणराव शेतकऱ्यांना अडाणी म्हणत बसले नाहीत. नांगर सुधारत राहिले, पटवत राहिले. अखेर 1903 मध्ये पहिला नांगर खपला. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती उलटी करतो. हरळीच्या मुळ्या वर येतात, उन्हात वाळतात. एकाच्या रानात हे दिसलं की बांधावरचा दुसरा आपोआप विचारायला येतो. पुढची जाहिरात रानानंच केली.

निवडुंगाचा माळ

आता कुठे घडी बसतेय तोवर तिसरा फटका. बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती, त्यात कारखान्याची जागा गेली. भट्ट्या, यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठे? त्या वेळी लक्ष्मणराव औंधला राजेसाहेबांचं एक बांधकाम करत होते. अडचण कळल्यावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला, शिवाय दहा हजार रुपयांचं कर्ज.

1910 साली लक्ष्मणराव त्या बत्तीस एकरांवर आले. माळावर निवडुंग आणि त्यात साप. पाण्याची बोंब. सोबत मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबं. निवडुंग तोडून जागा केली, शेड उभ्या केल्या आणि भट्टी पेटवली. तीच आजची किर्लोस्करवाडी. पुणे-मिरज गाडीनं कऱ्हाड सोडून सांगलीकडे जाताना लागतं ते स्टेशन. इथे कामाला घेताना माणसाचा इतिहास बघितला नाही. शिक्षा भोगून आलेल्यांवर त्यांनी वस्तीच्या राखणीची जबाबदारी टाकली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, हाही दंडक होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. परदेशी नांगर येईनात, त्यामुळे मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसाही मिळेना. अशा अडचणीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. किल्ल्यावर गंजत पडलेलं लोखंड रानात कामाला लागलं.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप असं करत कारखाना वाढला. 1920 मध्ये कंपनी झाली. पुढची पिढी हरिहर, पुणे, बंगळूरपर्यंत पोचली.

म्हातारपणीचा घाव

सगळ्यात मोठा घाव मात्र शेवटी बसला. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. चार दशकांचं काम डोळ्यांदेखत काळं पडलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बस झालं. पण कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्टी पुन्हा पेटली. ते बघूनच 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले.

मित्रांनो, लक्ष्मणरावांना मदत मिळाली हे विसरून चालणार नाही. भावानं साथ दिली, राजानं जमीन दिली, कामगारांनी माळावर संसार थाटले. एकट्याच्या जिद्दीवर एवढं होत नसतं. पण ज्याच्या हातात काम आहे त्यालाच मदत उपयोगी पडते. रंग दिसेनात तेव्हा त्यांनी रेघ धरली. बढती गेली तेव्हा दुकान धरलं. नांगर खपेना तेव्हा तोच नांगर पुन्हा सुधारायला घेतला.

फौंड्रीत बिघडलेलं ओतकाम कुणी उकिरड्यावर फेकत नाही. ते फोडतात आणि परत भट्टीत टाकतात. बीड तेच राहतं, साचा तेवढा नीट करायचा. उद्या वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला तर घरी पळू नका. का बिघडला ते बघा आणि दुसरा लावा.