दिवेवाली रवि वर्म्यांची नव्हे!

हातात दिवा, ज्योतीपुढे धरलेला तळवा आणि बोटांतून झिरपणारा उजेड. दर दिवाळीला हे चित्र आपल्या मोबाईलवर येतं, बऱ्याचदा राजा रवि वर्म्यांच्या नावानं. पण रवि वर्मा १९०६ मध्येच गेले. हे चित्र १९४५-४६ चं, सावळाराम हळदणकरांचं!

१८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. पुढे १९०८ मध्ये मुंबईत त्यानं स्वतःची कलासंस्था काढली. दिवेवालीसाठी राजवाड्यातली कुणी नाही, घरची लेक गीता साडी नेसून उभी राहिली. माध्यम जलरंग. यात उजेड म्हणजे मोकळा ठेवलेला कागद. तिथे एकदा गडद रंग गेला की खेळ खल्लास! आज मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हळदणकर १९६८ मध्ये गेले.

लोणारच्या काठावर किंवा गावच्या पडक्या वाड्यासमोर रंगपेटी घेऊन बसणाऱ्यांनो, विषय घरातच असतो. आणि यंदा ते चित्र फॉरवर्ड करताना खाली खरं नाव तेवढं टाका.