डॉक्टर चेखव आणि अकरावी-बारावीचा कथेचा तास



बारावीच्या युवकभारतीत कथा हा साहित्यप्रकार स्वतंत्रपणे अभ्यासाला आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, भाषाशैली हे घटक आपली मुलं घडाघडा सांगतात. पण न वाचलेली एखादी कथा त्यांच्या हातात देऊन बघा. हुशार मुलंसुद्धा आधी तात्पर्य शोधायला लागतात. माणसाने माणसाशी माणुसकीने वागावे, असं एक वाक्य लिहिलं की त्यांच्या दृष्टीने कथा संपली! असं वाक्य शंभर कथांखाली चालतं, म्हणजे समोरच्या कथेबद्दल ते काहीच सांगत नाही.

ही सवय मोडायची असेल तर कथेच्या घटकांआधी मुलांना एका माणसाचं आयुष्य सांगा. तो माणूस म्हणजे रशियन कथाकार अंतोन चेखव. आधी नीट बघायचं आणि निष्कर्ष मागून काढायचा, हे या माणसाला त्याच्या आयुष्यानेच शिकवलं होतं.

दुकानातला मुलगा

अंतोनचा जन्म 29 जानेवारी 1860 चा, अझोव समुद्राकाठच्या तगानरोग गावातला. त्याचे आजोबा भूदास होते. म्हणजे जमीनदाराच्या मालकीचेच. त्यांनी पैसे साठवून स्वतःचं आणि कुटुंबाचं स्वातंत्र्य विकत घेतलं. वडिलांचं किराणा दुकान होतं. वडील कडक, मारकुटे आणि देवभक्त. मुलांनी चर्चमध्ये गायचं आणि उरलेल्या वेळात दुकानात बसायचं, असा घरचा शिरस्ता. गल्ल्यावर बसलेल्या पोराला गावातली सगळी माणसं जवळून बघायला मिळाली. कोण कसं बोलतं, कोण कुणापुढे वाकतं, हे सारं!

1876 मध्ये वडिलांचं दिवाळं निघालं. देणेकऱ्यांना चुकवून ते मॉस्कोला पळाले आणि कुटुंबही पाठोपाठ गेलं. सोळा वर्षांचा अंतोन मात्र शाळा पूर्ण करण्यासाठी तीन वर्षं तगानरोगलाच राहिला. शिकवण्या करून तो स्वतःचं पोट भरायचा, वर घरीही पैसे पाठवायचा. हा प्रसंग वर्गात सांगाल तेव्हा जरा थांबा. समोर बसलेली मुलंही सोळा-सतरा वर्षांचीच असतात.

शंभर ओळींची मर्यादा

1879 मध्ये अंतोन मॉस्को विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला गेला. घर चालवायला पैसे हवेत, म्हणून विनोदी साप्ताहिकांसाठी टोपणनावाने लिहू लागला. एका संपादकाची अट होती, मजकूर साधारण शंभर ओळींच्या आत हवा. मग काय करणार? पात्राची ओळख करून द्यायला जागा नाही, उपदेशाला तर नाहीच. एका हालचालीत माणूस उभा करायचा.

'कारकुनाचा मृत्यू' ही 1883 ची कथा बघा. नाटक बघताना एका कारकुनाला शिंक येते आणि पुढे बसलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या अंगावर शिंतोडे उडतात. कारकून माफी मागतो, पुन्हा मागतो, परत परत मागतो. शेवटी वैतागलेला अधिकारी त्याच्यावर ओरडतो. कारकून घरी येतो आणि अंगावरचा गणवेशही न उतरवता मरून जातो. मुलं आधी हसतात. मग विचारा, याला मारलं कुणी? अधिकाऱ्याने, की त्याच्या स्वतःच्या भीतीने? ही भीती त्याच्यात आली कुठून? आजोबा भूदास असलेल्या लेखकाने ही कथा लिहिली आहे, हे आठवलं की प्रश्न आणखी खोल जातो.

डॉक्टरची नजर

1884 मध्ये चेखव डॉक्टर झाले. पुढची अनेक वर्षं लेखन आणि वैद्यकी हातात हात घालून चालली. चांगला डॉक्टर रुग्णाला दोष देत बसत नाही. लक्षणं बघतो, टिपून ठेवतो. चेखव यांच्या कथांतही निवेदक असाच शांत असतो.

1886 मधली 'दुःख' ही कथा प्रगत विद्यार्थ्यांसाठी सर्वांत उत्तम. बर्फावरून घोड्याची गाडी चालवणारा इओना. त्याचा मुलगा नुकताच वारला आहे आणि हे त्याला कुणाला तरी सांगायचं आहे. तो एका लष्करी अधिकाऱ्याला सांगून बघतो, मग तीन तरुणांना, एका रखवालदाराला, शेवटी मुक्कामाच्या जागी एका तरुण गाडीवानाला. कुणीच ऐकून घेत नाही. अखेर तो आपल्या घोडीलाच सगळं सांगतो.

इथे मुलं लगेच लिहितात की समाज निष्ठुर आहे. त्यांना परत सुरुवातीकडे न्या. पहिल्याच चित्रात इओना आणि घोडी, दोघंही बर्फाने पांढरी झालेली, निश्चल आहेत. ती घोडीही गावाकडच्या शेतीतून उचलून शहराच्या गोंगाटात आणलेली. म्हणजे शेवट पहिल्या परिच्छेदातच पेरलेला होता! हे स्वतः शोधून काढताना मुलांचे चेहरे बदलतात. घटक पाठ करणं आणि कथा वाचणं यातला फरक त्यांना तिथे कळतो.

त्याच वर्षीची 'वान्का'. चांभाराकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोर आजोबांना पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा म्हणून. पत्ता म्हणून फक्त गावी राहणाऱ्या आजोबांचं नाव. गावाचं नाव नाहीच. पत्र पोचणार नाही हे निवेदक कुठेही सांगत नाही. पोर आशेने झोपी जातो आणि जे कळायचं ते फक्त वाचकाला कळतं. न सांगितलेलं कसं वाचायचं, यासाठी याहून सोपा आणि याहून जड नमुना सापडणं कठीण.

साखालिन आणि शाळा

1888 मध्ये चेखव यांना पुश्किन पुरस्कार मिळाला. नाव झालं होतं, आरामात बसता आलं असतं. पण 1890 मध्ये ते सायबेरिया ओलांडून साखालिन बेटावर गेले, तिथल्या कैद्यांचं जगणं बघायला. तीन महिने राहून त्यांनी सुमारे दहा हजार माणसांची माहिती कार्डांवर नोंदवली. नंतर त्यावर पुस्तक लिहिलं.

1892 पासून ते मेलिखोवो गावात राहू लागले. कॉलऱ्याच्या साथीत पंचवीस गावांचं काम त्यांनी विनामोबदला केलं. परिसरात तीन शाळा बांधवून घेतल्या. क्षयरोग मात्र शरीर पोखरत होता. 1897 मध्ये रक्तस्राव होऊन ते कोसळले, पुढे हवापालटासाठी याल्टाला गेले. 1901 मध्ये अभिनेत्री ओल्गा क्निपर यांच्याशी लग्न झालं. 15 जुलै 1904 रोजी जर्मनीतल्या बाडेनवायलर इथे, अवघ्या 44 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

शेवटच्या वर्षांत समग्र साहित्याची आवृत्ती निघत असताना त्यांनी जुन्या कथा पुन्हा तपासल्या. 'पैज' ही 1889 ची कथा मुळात तीन भागांची होती. त्यांनी तिसरा भाग काढूनच टाकला. स्वतः लिहिलेला शेवट लेखक का कापतो? अकरावीच्या वर्गात यावर अख्खा तास रंगू शकतो.

वर्गात असं करून बघा

1. पहिल्या वाचनानंतर फक्त दिसलेल्या-ऐकलेल्या गोष्टी लिहायला सांगा. दुष्ट, गरीब बिचारा, असली विशेषणं बंद.
2. प्रत्येक विधानासमोर कथेतली ओळ दाखवायची. ओळ सापडली नाही तर विधान मागे घ्यायचं. त्यात कमीपणा नाही, डॉक्टरही निदान बदलतात.
3. लेखकाने काय सांगितलं नाही, याची यादी करायची.
4. अर्थ सर्वांत शेवटी. दोन मुलांचे अर्थ वेगळे निघाले आणि दोघांकडे पुरावा असला, तर दोन्ही उत्तरं फळ्यावर राहू द्या.

यात वेळ जातो, हे खरं. पण रसग्रहणाच्या उत्तरात गाइडमधली वाक्यं कुठली आणि मुलाची स्वतःची कुठली, हे तपासताना आपल्याला लगेच कळतं, नाही का?

पालकहो, तुमच्यासाठी एवढंच. मुलाने कथा वाचली की बोध काय मिळाला, असं विचारू नका. वाचताना तू कुठे थांबलास, एवढंच विचारा आणि तो बोलेल ते पूर्ण ऐकून घ्या. आपल्या घरातल्या इओनाला घोडीपाशी जायची वेळ येऊ नये.