डॉ. होमी भाभा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना झोप फार थोडी लागे. आईवडिलांना काळजी वाटून त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. पण मुलाला कसलाही आजार नव्हता. मनातील विचारांची गर्दीच त्याला जागे ठेवीत होती.

मुलाने इंजिनियर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींच्या आत्याचे यजमान सर दोराबजी टाटा यांच्याही मनात तेच होते. म्हणून १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठविण्यात आले. तेथे मात्र त्यांचे मन यंत्रांपेक्षा पदार्थविज्ञानात रमू लागले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपली ओढ निःसंकोचपणे कळविली. वडील रागावले नाहीत. आधी इंजिनियरची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावी, मग हवे ते शिकावे, एवढीच अट त्यांनी घातली. होमींनी १९३० साली ती पुरी केली.

१९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले असता महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचे रंग पारखून ते स्फटिकांचे अंतरंग उलगडीत. त्यांच्या सहवासात भाभा विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. संशोधनासाठी हुशार तरुणांना परदेशी जावे लागते, ही गोष्ट त्यांना डाचू लागली. १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्तनिधीकडे मदत मागितली व पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली.

त्यांच्या मनात याहूनही मोठे काम होते. मुंबईतील ट्रॉम्बे येथे स्वतःची अणुभट्टी उभारावी, असे त्यांनी ठरविले. इंधन ब्रिटनकडून आणावे लागले; पण बांधणी भारतीय शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी केली. खोल पाण्याच्या कुंडात इंधन बुडविलेले, पाणीच त्याला थंड ठेवणारे आणि माणसांचे रक्षण करणारे! ४ ऑगस्ट १९५६ रोजी ही भट्टी सुरू झाली. पाण्यातून उमटणाऱ्या निळ्या प्रकाशावरून पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले.

अशा भट्टीतून न्यूट्रॉन नावाचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांचा उपयोग समजण्यासाठी मिठाचा खडा डोळ्यांपुढे आणावा. स्फटिकात अणू कवायतीतील मुलांसारखे रांगेत उभे असतात. या रांगा क्ष-किरणांनी शोधता येतात. परंतु क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनजवळ इलेक्ट्रॉन असतो एकच. जड अणूंच्या दाटीत तो जत्रेत चुकलेल्या पोरासारखा हरवतो. न्यूट्रॉन अणूच्या गाभ्यावरच आदळतो, म्हणून त्याच्या झोतात हायड्रोजन सापडतो. ‘अप्सरा’ आणि १९६० साली सुरू झालेली ‘सायरस’ या भट्ट्यांमुळे असे संशोधन भारतातच होऊ लागले.

भाभांना चित्रकलेची व संगीताची विलक्षण आवड होती. इमारतीच्या आड झाड आले, तर ते तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर त्यांचे विमान कोसळले व त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे छप्पन्न! पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

पुढे १९८० नंतर सीझियम हायड्रोजन सल्फेट या आम्लधर्मी स्फटिकाचा एक अद्भुत गुण शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. सुमारे १४१ अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यावर तो वितळत नाही, पण त्यातील सल्फेटचे गट जागच्या जागी फिरू लागतात. हायड्रोजनचा गाभा, म्हणजे प्रोटॉन, एका गटाकडून दुसऱ्याकडे उड्या मारीत जातो आणि घन पदार्थातून वीज वाहू लागते. हा प्रवास कोणत्या वाटेने होतो, हे जाणण्यासाठी आधी हायड्रोजनची नेमकी जागा कळावी लागते. भाभांच्या केंद्रात १९८५ साली ‘ध्रुव’ ही मोठी भट्टी सुरू झाली. तेथे जोंधळ्याच्या दाण्याएवढा स्फटिक न्यूट्रॉनांच्या झोतात ठेवतात, हळूहळू फिरवितात आणि त्यात दडलेला हायड्रोजन शोधून काढतात.