जुन्या चालींना नवा प्रेक्षक देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर

दिंडी म्हणजे काय, असं वर्गात विचारलं की मुलं पंढरीची दिंडी सांगतात. बरोबरच आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिंड्या जातात. पण दिंडी हे एका वृत्ताचंही नाव आहे. कीर्तनातली ही चाल रंगभूमीवर नेणाऱ्या माणसाची आज ओळख करून घेऊ.

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी पहिलं मराठी नाटक केलं. त्या नाटकांत पदं सूत्रधारच म्हणायचा. पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची.

अण्णासाहेब शिकायला पुण्याला गेले, पण मन रमलं नाटकात. पुढे त्यांनी रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी केली. १८८० साली पुण्यात पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ त्यांनी पाहिलं. असं संगीत नाटक मराठीत का नको, या विचाराने त्यांनी कालिदासाचं ‘शाकुंतल’ मराठीत आणलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याचे पहिले चार अंक रंगभूमीवर आले.

इथे पात्रं स्वतः गाऊ लागली. साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकी पदं अशा ओळखीच्या चाली अण्णांनी घेतल्या. त्यामुळे संस्कृत न येणाऱ्यालाही शकुंतला आपली वाटली. १८८२ साली बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि त्यांच्या गळ्याने लोकांना वेड लावलं. त्याच वर्षी ‘संगीत सौभद्र’ आलं. ते आजही होतं. पुढचं ‘रामराज्यवियोग’ मात्र अपुरंच राहिलं. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी अण्णासाहेब गेले. त्यांची मंडळी मात्र टिकली. १९०५ साली बालगंधर्व त्याच मंडळीत दाखल झाले.

आज राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा भरते. नाटक करणारे आहेत, पण समोरच्या खुर्च्यांवर पांढरे केसच जास्त दिसतात. मुलांना हे आवडत नाही, असं आपण म्हणतो. खरं तर आपण त्यांना ऐकवतच नाही. आपल्याकडच्या लेकरांना सप्ताहातलं कीर्तन, भारूड ऐकून माहीत असतं. म्हणजे कान तयार आहे. अण्णांनीही तिथूनच सुरुवात केली होती.

शिक्षकांनो, पालकांनो, कविता नुसती वाचून घेऊ नका, चालीवर म्हणून घ्या. महिन्यातून एकदा ‘सौभद्र’मधलं एक पद ऐकवा. आधी गोष्ट सांगा, मग गाणं. उद्याचा प्रेक्षक आज आपल्याच वर्गात बसलेला आहे.