डॉ. पंजाबराव देशमुख

वऱ्हाड म्हणजे काळ्या मातीचा आणि पांढऱ्या कापसाचा प्रदेश. या प्रदेशात गावागावांतून देवीची जुनी ठाणी आहेत. अकोला जिल्ह्यातील बाळापूर येथे मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी भव्य किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे देऊळ असून तिच्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे मानतात. अमरावतीची अंबादेवी तर साऱ्या वऱ्हाडची कुलस्वामिनी. रुक्मिणीहरणाची कथा लोक तिच्याच देवळाशी जोडतात. देवीला जगन्माता म्हणावयाचे आणि तिच्या काही लेकरांना मात्र उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू द्यावयाचे नाही, अशी विपरीत रूढी या भूमीत शेकडो वर्षे चालत आली होती. ही रूढी मोडण्यासाठी १९२७ साली जे तरुण पुढे सरसावले, त्यांत एक नुकताच विलायतेहून परतलेला बॅरिस्टर होता. त्याचे नाव पंजाबराव देशमुख.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या लहानशा गावी झाला. वडील शामराव हे शेतकरी. आईचे नाव राधाबाई. गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून या मुलाला घर सोडून परगावी राहावे लागले. कारंजा व अमरावती येथे शाळेचे शिक्षण संपवून तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला आणि १९२० साली थेट विलायतेस गेला. शेतकऱ्याच्या घरातून इतक्या दूर पैसा पाठविणे किती कठीण, हे ज्याने एखादे कोरडे साल पाहिले आहे त्यालाच कळेल. पंजाबरावांनी या कष्टांचे चीज केले. त्यांनी शिष्यवृत्ती मिळविली, बॅरिस्टरची परीक्षा दिली आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. पुढे ज्यांनी त्यांना धर्म बुडविणारा म्हणून नावे ठेवली, त्यांपैकी फारच थोड्यांनी वेद इतके बारकाईने वाचले असतील.

१९२६ साली ते मायदेशी परतले. अमरावतीस केवळ वकिलीच केली असती तर पैसा आणि मान दोन्ही सहज मिळाले असते. परंतु त्यांचे मन वेगळ्याच विचारात गुंतले होते. आपल्यासारखी किती मुले केवळ राहण्याजेवण्याची सोय नाही म्हणून शाळा सोडीत असतील, हा प्रश्न त्यांना बेचैन करीत होता. याच सुमारास, डिसेंबर १९२६ मध्ये, अस्पृश्यतानिवारणासाठी झटणारे स्वामी श्रद्धानंद यांची दिल्लीत हत्या झाली. अमरावतीत पंजाबरावांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह चालविले, त्याला श्रद्धानंद छात्रालय असे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींच्या मुलांना प्रवेश होता. त्या काळी वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे, ही गोष्ट अनेकांना सहन होण्यासारखी नव्हती. छात्रालयाजवळ ठेवी नव्हत्या, की कोणा धनिकाची देणगी नव्हती. त्यासाठी मुष्टिफंडाची युक्ती योजण्यात आली. घरोघरी रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढावयाची आणि ते धान्य गोळा करून छात्रालयाला द्यावयाचे. मूठभर ज्वारीने कोणाचे घर रिकामे होत नाही; पण शंभर घरांच्या मुठी एकत्र आल्या की पोते भरते. शिवाय ज्या घरातून मूठ आली, त्या घराला ते छात्रालय आपले वाटू लागते. मोठी रक्कम एकाच सावकाराकडून घेण्यापेक्षा हा मार्ग पंजाबरावांना अधिक मोलाचा वाटला असावा.

अंबादेवीच्या देवळाचा प्रश्न मात्र मुठीमुठीने सुटणारा नव्हता. वऱ्हाडात गणेश आकाजी गवई यांच्यासारखे अस्पृश्य समाजातील कार्यकर्ते कितीतरी आधीपासून हक्कांसाठी झगडत होते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. या घटनेचे पडसाद वऱ्हाडापर्यंत उमटले. अमरावतीच्या कार्यकर्त्यांनी अंबादेवीचे देऊळ सर्वांना खुले करावे, अशी मागणी केली. सवर्ण समाजात जन्मलेले पंजाबराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. परक्याशी भांडणे एक वेळ सोपे असते. ज्यांच्या पंक्तीला आपण जेवलो, त्यांच्याविरुद्ध उभे राहणे फार अवघड असते.

या चळवळीची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. कार्यकर्ते दाराशी धावून गेले नाहीत. प्रथम देवळाच्या विश्वस्तांकडे रीतसर मागणी करण्यात आली. लोकमत तयार करण्यासाठी सभा भरविण्यात आल्या. मागणी मान्य होत नाही असे दिसल्यावर सत्याग्रहाचा विचार पुढे आला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. त्यांचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते आणि पंजाबरावांना तर अजून २९ वे वर्षही पुरे झाले नव्हते. याच वेळी आंबेडकरांना त्यांचे वडील बंधू बाळाराम यांच्या मृत्यूची वार्ता कळली. एवढा आघात होऊनही परिषदेचे काम थांबले नाही. विश्वस्तांनी विचारासाठी अवधी मागितला होता. तो द्यावा असे ठरून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. देवळाचे दार त्या दिवशी उघडले नाही. पण ते बंद का, असा प्रश्न आता भर सभेत विचारला गेला होता आणि तो परत घेणे कोणालाही शक्य नव्हते.

त्याच महिन्यात पंजाबरावांचा विवाह मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी झाला. वधू आणि वर वेगवेगळ्या जातींचे. सभेत जातिभेदावर बोलणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या घरात तो मोडणारे थोडे. विमलाबाईंनी पंजाबरावांच्या सर्व कार्यात साथ दिली आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्याही झाल्या.

१९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आता केवळ मागणी करण्याऐवजी निर्णय घेण्याचा अधिकार हाती आला. तो त्यांनी कोठे वापरला? विहिरींवर. वऱ्हाडातील उन्हाळा किती कडक असतो, हे तेथील मुलांना सांगावयास नको. अशा उन्हात अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांना सार्वजनिक विहिरीपासून दूर उभे राहावे लागे. कोणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओतणार. नाही तर रिकामी घागर घेऊन परतावयाचे. विहीर सर्वांच्या कराच्या पैशातून खोदलेली असली, तरीही हीच स्थिती होती. पंजाबरावांनी जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. देऊळ विश्वस्तांचे होते, विहिरी कौन्सिलच्या होत्या; म्हणून जे काम तेथे अडले ते येथे झाले. अर्थात कागदावरील हुकूम आणि प्रत्यक्ष विहिरीचा काठ यांत अंतर असते. ते तोडण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली.

१९३० मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळात निवडून आले व मंत्री झाले. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकहितासाठी व्हावा म्हणून त्यांनी १९३२ मध्ये विधेयक मांडले. त्याच वर्षी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. या संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालये पुढे विदर्भभर पसरली. ज्या मुलाला शिक्षणासाठी गाव सोडून वणवण करावी लागली, त्याने इतरांच्या दाराशी शाळा नेली.

देश स्वतंत्र होण्याच्या काळात पंजाबराव घटना समितीचे सदस्य होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी या समितीने भारताचे संविधान स्वीकारले. त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख असून, त्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडविता येणार नाही, असे म्हटले आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात साध्या विहिरीचे नाव यावे, याचे एखाद्या परक्याला नवल वाटेल. ज्यांनी १९२८ सालचा अमरावती जिल्हा पाहिला होता, त्यांना ते वाटले नसेल.

१९५२ पासून दहा वर्षे पंजाबरावांनी केंद्र सरकारात शेतीचे खाते सांभाळले. शेतकऱ्यांनी संघटित व्हावे यासाठी त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला. दिल्लीत १९५९ च्या अखेरीस भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हे त्यांच्याच परिश्रमाचे फळ होते. अमरावतीच्या मतदारांनी त्यांना तीन वेळा लोकसभेवर निवडून दिले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागांतील शेतकऱ्यांची मुले आणि मुली आज तेथे शिकतात. त्यांच्या वर्गात आणि पाणवठ्यावर कोणाला त्याची जात विचारून जागा देण्यात येत नाही.